यरीहोचा तट कसा बांधावा आणि सातव्या दिवसापर्यंत कसा उभा ठेवावा

मे महिन्याच्या व्हीबीएसला, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शिबिराला, काहीतरी मोठं करायचं ठरलं की बैठकीत हमखास तीन नावं निघतात: नोहाचं तारू, योनाचा मासा आणि यरीहोचा तट. यरीहोची गोष्ट अशी: इस्राएल लोक यहोशवाच्या सांगण्यावरून सात दिवस त्या नगराभोवती फेऱ्या मारतात, सातव्या दिवशी जयघोष करतात आणि तट कोसळतो. तारवाला प्राणी लागतात आणि निम्म्या मुलांना सिंहच व्हायचं असतं. माशाच्या पोटात एका वेळी एकच पोरगं मावतं, बाकीची बाहेर रांगेत भांडतात. तटाचं तसं नाही. तो सगळ्यांच्या वाट्याला येतो, खर्च जवळजवळ नसतो, आणि शेवटी पाडायचाच असल्यामुळे थोडा वाकडा झाला तरी कुणी नावं ठेवत नाही. मी तरी तटाच्या बाजूनेच हात वर करते.

मी औषधांच्या घाऊक दुकानात हिशेब लिहिते. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तटाचं काम माझ्याकडे आलं ते फार भक्तिभाव आहे म्हणून नव्हे, माझ्याकडे खोकी असतात म्हणून. आमच्या नगरकडे, राहुरी-श्रीरामपूर-वडाळ्याच्या पट्ट्यात, सुट्टी लागली की बऱ्याच मंडळ्यांत शिबिरं सुरू होतात आणि संडे स्कूलच्या एखाद्या शिक्षिकेच्या किंवा तरुण संघातल्या एखाद्या मुलाच्या गळ्यात ऐनवेळी पडतं, ‘तू बघ रे ते तटाचं.’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली सूचना खोक्यांची नाही. बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय वाचा. सगळी सत्तावीस वचनं. गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ असते, म्हणून कुणी वाचत नाही. आणि जे जे बिनसतं ते नेमकं न वाचलेल्या वचनात लिहिलेलं असतं. माझ्या मते तो अध्याय म्हणजे शिबिराचं तयार नियोजनपत्रक आहे. वेळापत्रकच बघा. सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात. एकूण तेरा. सोमवारी सुरू केलंत तर सातवा दिवस रविवारी येतो, उपासना सुटल्यावर आईबाप आवारातच असतात, समारोपासाठी त्यांना वेगळं बोलवावं लागत नाही. पाच दिवसांचं शिबिर असेल तर ही गोष्ट घेऊच नका. एका दिवसात दोन फेऱ्या उरकल्या की मुलं बोटांवर मोजतात आणि सगळ्यांसमोर विचारतात.

रांगेचा क्रमही तिथेच आहे: पुढे सशस्त्र माणसं, मागे सात याजक सात शिंगं घेऊन, त्यांच्यामागे कराराचा कोश, म्हणजे खांद्यावरून न्यायची पवित्र पेटी, शेवटी पिछाडी. पाचवी-सहावीची मुलं पुढे, सातवी-आठवीतले सात जण याजक, कोशाला चार खांदेकरी. बालवर्ग पिछाडीला, प्रत्येक सात-आठ मुलांमागे एक ताई किंवा दादा. कोश म्हणजे खोक्याला सोनेरी गिफ्ट पेपर आणि खालून दोन बांबू. थर्माकोल आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८पासून राज्यात बंदी आहे आणि तो फुटला की आवारभर महिनाभर सापडत राहतो.

खोकी

वीस फूट लांब आणि पाच फूट उंच तटाला दीड फूट लांब, फूटभर उंच अशी साधारण ६५ ते ७० खोकी लागतात. आणखी पंधरा बाजूला ठेवा. त्यांचं कारण पुढे येईल. महिनाभर आधीपासून जमवायला लागा. किराणावाला, मेडिकल, इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, बाजार समितीतले फळवाले, असे सगळे देतात, पण त्यांना ती रद्दीत विकायची असतात, तेव्हा फुकट मिळतील हे गृहीत धरू नका. आणि ‘पन्नास खोकी पाहिजेत’ असं दुकानात म्हणू नका. २०२२ सालापासून या आकड्यावर महाराष्ट्रात कुणी सरळ चेहऱ्याने उत्तर देत नाही. ‘सत्तर’ म्हणा.

सगळी खोकी सारखी नसतात. सलाइनच्या बाटल्यांची खोकी जाड पुठ्ठ्याची, जड, ती खालच्या थराला. लहान मुलांच्या डायपरची खोकी मोठी आणि हलकी, ती वरच्या दोन थरांना. डोक्यावर पडली तरी हसू येतं. सफरचंदाच्या खोक्यांना बाजूने भोकं असतात. ती बुरुजांना चांगली, बाण मारायच्या खिडक्या आयत्या मिळतात. बिस्किटांची खोकी घेऊ नका, आत चुरा राहतो आणि मुंग्या लागतात. प्रत्येक खोक्याच्या पिना पक्कडीने काढून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते टाळलं तर पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी तळहाताला ओरखडा उठतो.

तोंडं चिकटपट्टीने बंद करा, वर जुनी वर्तमानपत्रं खळीने चिकटवा, वाळल्यावर पाण्यात कालवलेला गेरू आणि चुना स्पंजने थापा. लांबून दगड दिसतात. मैद्याच्या खळीत पूर्वी मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. मुलांच्या शिबिरात ते अजिबात नको, विषारी असतं. बिनमोरचुदाच्या खळीला शेळ्या येतात, एवढं फक्त ध्यानात ठेवा आणि रात्री फाटक लावून घ्या. आवारातल्या शेळ्यांना पुठ्ठा आवडतोच, खळ लावलेला जास्त आवडतो.

रचताना

घराची भिंत बांधताना विटांचे सांधे चुकवतात, म्हणजे ती पडत नाही. इथे उलटं करायचं आहे. खोक्यावर नेमकं खोकं, सरळ उभे मनोरे, तेरा-चौदा. दोन मनोऱ्यांत हाताच्या पंजाएवढी फट. ती वाऱ्यासाठी. मेमध्ये दुपारनंतर आमच्याकडे वावटळ उठते, आणि वीस बाय पाच फुटांचा सलग पुठ्ठा म्हणजे शीडच. सगळ्यात खालच्या खोक्यांत वाळू भरलेल्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या आडव्या ठेवा. त्याच्या वर कशातही वजन नको, अगदी वर्तमानपत्रांचा गठ्ठाही नको. मागून तीन-चार बांबूंचे टेकू द्या, ते रविवारी काढायचे.

तटाच्या आत नगर हवं. आमचं नगर म्हणजे कडुनिंबाचा पार. तट त्याच्या पूर्वेला आठ-दहा फुटांवर, आणि फेरी तट आणि पार दोन्हींभोवती. पवित्र शास्त्रात यरीहोला खजुरीच्या झाडांचं नगर म्हटलंय, पण कडुनिंबाची सावली मे महिन्यात जास्त कामाची. मुलांना सांगायला एक-दोन गोष्टी हाताशी ठेवा: यरीहो समुद्रसपाटीच्या खाली जवळजवळ अडीचशे मीटर आहे, आणि येशूला बघायला जक्कय ज्या उंबराच्या झाडावर चढला तो उंबरही यरीहोतलाच. फेरीनंतर सावलीत बसल्यावर हे सांगितलं की मुलं कडुनिंबाकडे जक्कयाच्या नजरेने बघायला लागतात, तेव्हा खालच्या फांद्यांवर लक्ष ठेवा.

एक मनोरा पडायचा नाही. राहाबेचा. यरीहोतल्या या बाईने इस्राएलाच्या हेरांना लपवलं होतं. तिचं घर तटालाच लागून होतं आणि ते वाचतं, हा गोष्टीतला माझा आवडता भाग. तो मनोरा तटाच्या एका टोकाला, बाकीच्यांपासून दोन हात अंतरावर रचा. मध्ये असेल तर शेजारचे मनोरे पडताना त्याला घेऊनच जातात. दुप्पट रुंद करा, खोकी एकमेकांना चिकटपट्टीने बांधा, खालच्या दोन थरांत वाळू. वरच्या खोक्यात खिडकी कापा आणि किरमिजी रंगाची दोरी बाहेर सोडा. गोंड्यांच्या लोकरीची चालते. मागे स्टुलावर बसायला तरुण संघातली एक शांत मुलगी बघा.

शिंगं

शास्त्रात एडक्यांची शिंगं आहेत. ती कुठून आणणार! आमच्याकडे एका वर्षी कुणीतरी म्हणालं, लग्नात वाजवतात तो तुतारीवाला बोलवू. ते साल होतं २०२४, मे महिना, जिल्ह्यात लोकसभेचं मतदान तोंडावर, आणि तुतारी एका पक्षाचं चिन्ह. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, दोन्ही हात जोडले. मग पिपाणी म्हटलं, तर तीही कुणाला तरी मिळालेली. शेवटी प्लंबरकडून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे अडीच-अडीच फुटांचे तुकडे आणले, एका टोकाला प्लास्टिकचं नरसाळं बसवलं, वर तपकिरी कागद गुंडाळला. ओठ आवळून फुंकलं की म्हशीसारखा आवाज येतो. एका मुलाचं शिंग दुसऱ्याला द्यायचं नाही, नाव लिहून ठेवा. सर्दी साथीने फिरते. पपईच्या पानाचा देठ कापून केलेली पिपाणी बालवर्गाला पुरते, फक्त चीक नीट धुऊन काढा, नाहीतर ओठ चुरचुरतात.

तोंड बंद ठेवणं

तट बांधणं सोपं आहे. साठ मुलांना पाच मिनिटं गप्प चालवणं, ते खरं काम. दहाव्या वचनात यहोशवा लोकांना बजावतो की मी सांगेन त्या दिवसापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मुलांना हे ‘शिस्त’ म्हणून सांगितलं तर हसतात. गुपित म्हणून सांगा: आत नगरातले लोक कान लावून बसलेत, आपण किती जण आहोत ते त्यांना कळता कामा नये. पहिल्या दिवशी फुटेल हसू, फुटू द्या, फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, ओरडू नका. दुसऱ्या दिवशी मुलंच एकमेकांच्या तोंडावर हात ठेवतात. मोठ्यांनीही गप्प राहायचं असतं हे मात्र मोठ्यांना सांगावं लागतं, आणि फोन सायलेंटवर.

वेळ सकाळी साडेआठची. दहानंतर माती तापते. चपला घालूनच फेरी, ‘पवित्र भूमी’ वगैरे म्हणून कुणी चपला काढायला लावल्या तर ती वेगळी गोष्ट आहे, या अध्यायातली नव्हे. साठ मुलांना वीस लिटरचे किमान दोन जार. फेरीआधी प्रत्येकाने पेलाभर पाणी पिऊनच रांगेत यायचं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, छोटी २०० मिलीत, अर्धी-अर्धी करून अंदाजाने कालवू नका; आणि गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे, हे दुकानात मी रोज सांगते, इथेही सांगते. हजेरी फेरीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला कुठे न्यायचं नाही, स्वच्छतागृहाकडेसुद्धा. दोघे जण जातात.

गुरुवार

आता गुरुवारचं सांगते, कारण पुढच्या बऱ्याच सूचना त्यातून आल्या.

त्या वर्षी नियम सुटसुटीत केला होता. रोजच्या फेरीत शिंगं वाजवायची नाहीत. रविवारी शिंग वाजलं की सगळ्यांनी ओरडायचं आणि तटाकडे धावायचं. सोमवार, मंगळवार, बुधवार इतके छान गेले की पाळकसाहेब खिडकीत उभे राहून बघायला लागले. साठ पोरं चालताहेत आणि ऐकू येतोय फक्त कडुनिंबाचा पाचोळा.

गुरुवारी गाण्याचं सत्र लांबलं. पेटीवाले काका उशिरा आले आणि आल्यावर थांबेनात. फेरी निघाली तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. पारावर महिला मंडळाच्या दोन काकू पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत बसल्या होत्या. ऊन पारावर आलं तशी त्यांनी चटई सरकवली, मग आणखी सरकवली, आणि होता होता त्या तटाच्या मागे, तटाच्याच सावलीत, पाठ टेकून बसल्या. राहाब खिडकीत होती. बारावीचा निकाल लागायचा होता, त्यामुळे ती हेरांची नाही, संकेतस्थळाची वाट बघत होती.

याजक तटाच्या बरोबर मध्यावर आले आणि फाटकाबाहेर कुल्फीवाल्याने भोंगा दाबला. पों-ओं-ओं.

आमच्या पीव्हीसीच्या शिंगाचा आवाज आणि त्याच्या रबरी भोंग्याचा आवाज यांत मला आजही फरक करता येत नाही. क्षणभर कुणी हललं नाही. याजकांनी एकमेकांच्या शिंगांकडे बघितलं. मग पिछाडीतून बालवर्गातला एक मुलगा, ज्याचा आवाज सोमवारपासून कुणी ऐकला नव्हता, त्याने बेंबीच्या देठापासून आरोळी दिली, ‘हल्लेलुयाऽऽ!’

पुढचं सांगायला नको. आमचे टेकू वाऱ्यासाठी होते, साठ पोरांसाठी नव्हते. कोश खांदेकऱ्यांनी तिथेच ठेवला आणि तेही धावले. तट मागे गेला, डायपरची खोकी कडुनिंबापर्यंत उडाली, आणि त्या ढिगातून एका काकूंचा आवाज आला, ‘अरे, थांबा रे! आम्ही इस्राएलाच्याच आहोत!’ दुसऱ्या काकूंच्या मांडीवरच्या पातेल्यात खोकं उपडं पडलं होतं आणि त्या ते उचलून आत किती गर चिकटला ते बघत होत्या. लागलं कुणाला काही नाही. गेरूचे हात तेवढे सगळ्यांच्या कपड्यांवर उठले.

राहाबेचा मनोरा उभा होता. ठरवल्याप्रमाणे घडलेली ती एकच गोष्ट. राहाबेने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, ‘आज होतं का?’

कुल्फीवाल्याला वाटलं हा जल्लोष त्याच्यासाठी आहे. फाटकातून हात हलवून तो ‘या, या’ म्हणाला. पाळकसाहेब खाली येईपर्यंत फाटकापाशी रांग लागली होती, आणि ती फेरीच्या रांगेपेक्षा सरळ होती. त्यांनी पाकीट काढलं. पन्ह्याचं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी तट पुन्हा रचायला बसलो. ती पंधरा जादा खोकी यासाठी. तेवढ्यात मंडळीतले एक निवृत्त मास्तर चष्मा आणि शास्त्र घेऊन आले आणि सव्विसावं वचन वाचून दाखवलं: यरीहो पुन्हा बांधणाऱ्याला यहोशवाचा शाप आहे. पाया घालताना थोरला मुलगा जाईल, वेशी लावताना धाकटा. वर शास्त्रातल्याच १ राजे या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला बेथेलचा हीएलही काढला, ज्याने बांधलं आणि ज्याचं तसंच झालं. खळीचा ब्रश हातात घेतलेल्या दोघातिघांनी तो खाली ठेवला. मी ठेवला नाही, मला मुलगे नाहीत.

पाळकसाहेबांनी विचार केला. म्हणाले, ‘मास्तर, शास्त्राप्रमाणे यरीहो सातव्या दिवशी पडतं. आज चौथा. म्हणजे ते अजून पडलेलंच नाही. ही डागडुजी आहे.’ मास्तरांना हे पटलं असावं, कारण ते खाली बसले आणि चिकटपट्टीचं टोक शोधून द्यायला लागले. जाताना मात्र आठव्या-नवव्या वचनावर बोट ठेवून गेले. शिंगं रोज वाजत होती, म्हणाले. सहाही दिवस, चालताना. गप्प होते ते लोक. आणि लोक ओरडले ते यहोशवाने ‘जयघोष करा’ म्हटल्यावर.

तेव्हा असं करा. शिंगं पहिल्या दिवसापासून वाजवा, म्हणजे बाहेर कुठलाही भोंगा वाजला तरी मुलांच्या पायांत काही येत नाही. इशारा शिंगाचा ठेवू नका, माणसाचा ठेवा. यहोशवा म्हणून ज्याला उभं कराल त्याचा आवाज खणखणीत हवा आणि मुलांना तो ओळखीचा हवा. शब्द एकच ठरवा आणि सरावात तो शब्द उच्चारूच नका. तटाच्या मागे सावली कितीही छान असली तरी तिथे चटई टाकू द्यायची नाही, फक्कीने रेघ मारून ठेवा. फेरी लांबली आणि ऊन चढलं तर ती सरळ संध्याकाळी काढा. कुल्फीवाल्याला आधी जाऊन भेटा, तो फेरी संपेपर्यंत थांबायला तयार असतो. साठ गिऱ्हाइकं कोण सोडेल?

डागडुजी मुलांकडून करून घ्या. शुक्रवारी तिसरी-चौथीच्या मुलांनी आपापल्या खोक्यावर खडूने नावं लिहिली आणि त्यानंतर शनिवारपर्यंत तटाला कुणी बोट लावलं नाही. एखादं लावायला गेलंच तर दुसरं धावून यायचं.

रविवारी

तटाच्या तोंडाला, वरून दुसऱ्या थराच्या उंचीवर, एक लांब नायलॉनची दोरी आडवी न्या. दोन्ही टोकं बाजूंनी मागे, पाराच्या अल्याडपल्याड. राहाबेच्या मनोऱ्याला वळसा घालताना दोरी त्याच्या मागून न्या, पुढून गेली तर तीही गेली. गेरूचा हात फिरवला की दोरी सांध्यासारखी दिसते. दोन दणकट दादा टोकं धरून पारापलीकडे बसतात. शब्द उच्चारला की दोघांनी एकदम ओढायचं, मागच्या बाजूला, मुलांपासून दूर. मागचा सगळा भाग रिकामा आहे हे ओढणाऱ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघायचं. तटासमोर दहा फुटांवर फक्कीची रेघ आखा, धूळ बसेपर्यंत ती कुणी ओलांडायची नाही. टेकू सहाव्या फेरीनंतर काढा, आधी नको.

सात फेऱ्यांना वीस-पंचवीस मिनिटं जातात. बालवर्ग फक्त शेवटच्या फेरीला घ्या, आधीच्या सहा त्यांनी आजीजवळ बसून मोजायच्या. दोरीच्या एका बाजूला ओढ कमी पडली तर दोन-तीन मनोरे तसेच राहतात. त्याची काळजी करू नका, तोपर्यंत आवाज इतका झालेला असतो की बघतंय कोण. ढीग शांत झाला की दोन हेर जाऊन राहाबेला बाहेर आणतात, आई, बाप, भाऊ सगळ्यांसकट. या भूमिका आयत्या वेळी प्रेक्षकांतून घेतल्या तर मजा येते. गर सांडलेल्या काकूंना आम्ही राहाबेची आई केलं. त्यांनी अट घातली की आत बसणार नाही, बाजूला उभी राहून येईन.

मोठी मुलं काय विचारतात

नववी-दहावीचं कुणीतरी विचारणारच: बाकीच्यांचं काय झालं? एकविसाव्या वचनात लिहिलंय काय झालं ते. पुरुष, बायका, म्हातारे, लेकरं, गुरंढोरं. लहानांच्या गटात मी तिथवर जात नाही, गोष्ट राहाबेच्या खिडकीतून सांगते. मोठ्यांपासून ते वचन लपवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना वेगळं बसवा, पाळकसाहेबांना बोलवा, वचन मोठ्याने वाचा आणि मुलांना बोलू द्या. एका मुलीने विचारलं होतं की त्या लेकरांना फेऱ्या मारणारी ही माणसं दिसत असतील का. पाळकसाहेब लगेच काही बोलले नाहीत, आणि ते मला बरं वाटलं. पाठ केलेलं उत्तर दिलं असतं तर पुढच्या वर्षी त्या गटातलं कुणी आलं नसतं.

दुसरा प्रश्न फोनमधून येतो. यरीहोची जुनी टेकडी, तेल एस-सुलतान, पॅलेस्टाइनमध्ये आहे आणि २०२३पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी तिथे उत्खनन केलं आणि सापडलेला पडका तट यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या आधीचा ठरवला. यावर वाद आहेत. मुलांना हे माहीत असतं, आपल्याला नसेल तर आपणच वेडे दिसतो. तेव्हा आधी वाचून जा, आणि रागावू नका. तिथे माणसं सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीही वस्ती करून होती असं सांगितलं की तीच मुलं फोन बाजूला ठेवून पुढचं विचारतात.

आवरणं

खोकी त्याच संध्याकाळी उचला. वळीव आला तर रात्रीतून लगदा होतो आणि ओला पुठ्ठा रद्दीवाला घेत नाही. घेतला तरी वजनात कापतो. चिकटपट्टी सोलायला मुलांना लावा, ते त्यांना आवडतं. खोकी पायाने चपटी करायची आणि सुतळीने दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. ज्यांना आपलं नाव लिहिलेलं खोकं घरी न्यायचंय त्यांना नेऊ द्या, आया कुरकुरतील. बाटल्यांतली वाळू आवारातच परत टाका. दोरी, नरसाळी आणि पाइप धुऊन वाळवून संडे स्कूलच्या कपाटात वरच्या खणात ठेवा आणि किल्ली कुणाकडे आहे ते वहीत लिहा. रद्दीचे पैसे हिशेबात दाखवा. आमचे कुल्फीत वळते झाले.